मुख्याध्यापकांचा पक्षपात आणि शिक्षकांत वाढत चाललेला निरुत्साह: मार्ग कोणता?

प्रश्न
मार्कंडेयकाठ (माध्यमिक शिक्षक, बेळगाव तालुका)

सर्वांना नमस्कार. मी बेळगाव तालुक्यातील एका अनुदानित मराठी माध्यमाच्या हायस्कूलमध्ये गणित शिकवतो. शाळेचे किंवा कुणा व्यक्तीचे नाव मी येथे घेणार नाही. खानापूर, निपाणी आणि चिकोडीकडच्या शिक्षकमित्रांशी बोलल्यावर असे दिसते की मी जे सांगणार आहे ते थोड्याफार फरकाने सगळीकडेच चालते, म्हणून एका माणसाला बोल लावून काही साधणार नाही.

आमच्याकडे दहावीच्या दोन तुकड्या आहेत. नववीच्या गुणांवरून मुले वाटली जातात आणि वरच्या गुणांची मुले अ तुकडीत जातात. ही अ तुकडी दरवर्षी त्याच तीन-चार शिक्षकांकडे असते. त्यांना सकाळचे तास मिळतात, रजेवर गेलेल्या शिक्षकाचे बदली तास त्यांच्या वाट्याला क्वचितच येतात, आणि चांगल्या प्रशिक्षणासाठी नावे पाठवायची झाली तर त्यांचीच जातात. ब तुकडी, जेवणाच्या सुट्टीनंतरचे तास, अक्षर दासोहाची (शाळेतील माध्यान्ह भोजनाची) देखरेख, मतदार यादीचे काम आणि प्रतिभा कारंजी या कलागुण स्पर्धांसाठी मुलांना घेऊन जाणे हे उरलेल्यांचे ठरलेले आहे. एसएसएलसीचा, म्हणजे दहावीच्या बोर्ड परीक्षेचा, निकाल लागला की विषयवार आणि शिक्षकवार टक्केवारीचा तक्ता संचालक मंडळाच्या बैठकीत ठेवला जातो. ज्याला जूनमध्ये वरची मुले दिली, त्याचाच निकाल पुढच्या वर्षी वर येतो. मग त्याचा सत्कार होतो, ५ सप्टेंबरच्या पुरस्कारासाठी त्याचीच शिफारस जाते, आणि त्या शिफारशीच्या आधारे पुढील जूनमध्ये अ तुकडी पुन्हा त्याच्याकडे येते. या चक्रात बाहेरच्या माणसाला शिरायला जागाच राहत नाही. त्या तीन-चार जणांपैकी दोघे संचालकांचे पाहुणे, म्हणजे नातेवाईक, आहेत, हे गावात सर्वांना ठाऊक आहे.

सर्वांत जास्त लागते ते कागदपत्रांच्या बाबतीत. सेवेची १० आणि १५ वर्षे पूर्ण झाल्यावर मिळणाऱ्या कालबद्ध बढतीचे प्रस्ताव शाळेकडूनच वर जावे लागतात. एकाची फाईल त्याच आठवड्यात बीईओ (गटशिक्षणाधिकारी) कार्यालयात पोहोचते, तर दुसऱ्याची फाईल 'एक कागद कमी आहे' या कारणाने महिनोन्‌महिने कपाटात राहते, आणि कोणता कागद कमी आहे ते विचारल्याशिवाय सांगितले जात नाही.

परंतु मी हा प्रश्न लिहायला बसलो तो वेळापत्रकासाठी किंवा बढतीसाठी नव्हे. काही वर्षांपूर्वीपर्यंत एप्रिल आणि मे महिन्यांत आमचे बहुतेक सर्व शिक्षक आसपासच्या गावांतील सातवी पास झालेल्या मुलांच्या घरी जात असत, पालकांशी बोलत असत आणि आठवीचा पट उभा करत असत. इंग्रजी माध्यमाच्या शाळांच्या बसगाड्या दारापर्यंत येतात तेथे हे काम केल्याशिवाय मराठी हायस्कूल टिकत नाही. दिवाळीनंतर कच्च्या मुलांसाठी शाळा सुटल्यावर जादा तास होत असत आणि त्यासाठी कुणी एक रुपया घेत नसे. आज घरोघरी जाणारे मोजके उरले आहेत आणि जादा तास जवळपास बंद पडले आहेत. ज्यांच्याकडून मी शिकवायला शिकलो असे एक ज्येष्ठ शिक्षक नव्या मुलाला स्टाफरूममध्ये सांगत होते, "कितीही राबलास तरी वहीत नोंद त्यांचीच होणार आहे. आपला तास घे, सही कर आणि घरी जा." त्यांचे म्हणणे खोटे आहे असे मला म्हणता आले नाही, आणि ते ऐकून घेणेही सहन झाले नाही.

माझे दोन प्रश्न आहेत. संचालकांशी आणि मुख्याध्यापकांशी उघड वैर न घेता ही पद्धत बदलण्याचा काही मार्ग आहे का? आणि ती बदलेपर्यंत, किंवा कधीच बदलली नाही तरी, मुलांविषयीची आस्था शाबूत कशी ठेवावी? अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर लिहावे.


उत्तर १
निपाणीकर (निवृत्त मुख्याध्यापक)

सर, आपण जे चक्र सांगितले आहे ते अगदी बरोबर ओळखले आहे, आणि तोडायचे झाले तर ते जूनमध्येच तोडता येते, निकालानंतर नव्हे. तुकड्या गुणांवरून लावणे हेच मुळात या दुखण्याचे मूळ आहे. दहावीच्या दोन तुकड्यांत मुले मिसळून बसवली, तर शिक्षकांच्या निकालाची तुलना काही अंशी तरी न्याय्य होते आणि मुलांवरचा 'ब तुकडी' हा शिक्काही जातो. संचालक मंडळाला तुलना हवीच असेल, तर त्याच मुलांचे नववीचे गुण शेजारच्या रकान्यात लिहून तक्ता ठेवावा. नववीत गणितात ३० च्या आसपास असलेला मुलगा एसएसएलसीला ५० वर आणणाऱ्या शिक्षकाचे काम तेव्हाच दिसते. नुसत्या उत्तीर्णांच्या टक्केवारीत ते कधीही दिसणार नाही.

माझ्या सेवाकाळात मी तीन गोष्टी पाळत असे. नव्या वर्षाचे कच्चे वेळापत्रक शाळा सुरू होण्याच्या वेळी स्टाफरूममध्ये लावून हरकतींसाठी काही दिवस द्यायचे, आणि हरकत मान्य केली नाही तर का नाही ते सभेत सांगायचे. बदली तासांची वही मुख्याध्यापकांच्या टेबलावर न ठेवता स्टाफरूममध्ये ठेवायची आणि महिन्याच्या शेवटी प्रत्येकाच्या नावापुढे एकूण तास लिहायचे. निवडणूक, जनगणना, दासोह, सहल, स्पर्धा अशा कामांचा फिरता क्रम वर्षाच्या आरंभीच ज्येष्ठता यादीवरून ठरवायचा. हे केल्यावर तक्रारी संपल्या असे मी म्हणणार नाही, पण तक्रार करणाऱ्याच्या हातात आकडा असे आणि मलाही उत्तर आकड्यानेच द्यावे लागे. कुणाच्या मनात काय आहे यावरची चर्चा आपोआप मागे पडत असे.

मात्र एका गोष्टीकडे आपले लक्ष वेधावेसे वाटते. सीमाभागातील मराठी शाळेत मुख्याध्यापकांशी जवळीक निर्माण होण्याचे कारण नेहमी नातेगोतेच असते असे नाही. डीडीपीआय (जिल्ह्याचे शिक्षण उपसंचालक) आणि बीईओ कार्यालयांचा सर्व पत्रव्यवहार कन्नडमधून चालतो, परिपत्रके कन्नडमध्ये येतात आणि विद्यार्थ्यांच्या नोंदींची ऑनलाइन कामे तातडीची असतात. ज्या शिक्षकाला कन्नड सफाईने वाचता-लिहिता येते आणि संगणक जमतो, त्याला मुख्याध्यापक रोज बोलावून घेतात. तो त्यांच्याबरोबर बीईओ कार्यालयात जातो, बैठकीतील गोष्टी त्याला आधी कळतात, त्याचे तास कमी केले जातात, आणि वर्षभरात तो खास माणूस ठरतो. सुरुवात गरजेतून झालेली असते, पण शेवट पक्षपातातच होतो. यावर उपाय म्हणून मी कार्यालयीन काम दर सहामाहीला वेगळ्या शिक्षकाकडे देत असे, आणि प्रत्येक परिपत्रकाचा मराठी सारांश सूचना वहीत लिहून त्यावर सर्वांच्या सह्या घेत असे. प्रशिक्षणाची आणि पुरस्काराची परिपत्रके कपाटात राहण्याचा प्रश्न त्यामुळेच सुटला. आपल्या शाळेतील तरुण शिक्षकांनी कार्यालयीन कन्नड नेटाने शिकून घ्यावे, असे मी आग्रहाने सांगेन. परिपत्रक स्वतः वाचता येणाऱ्या शिक्षकापासून माहिती लपवता येत नाही.


उत्तर २
मलप्रभाकाठ (प्राथमिक शिक्षक, खानापूर तालुका)

मी सरकारी प्राथमिक शाळेत आहे, त्यामुळे आमच्याकडे संचालक मंडळ नाही, परंतु मर्जीचा प्रश्न आमच्याकडेही आहे आणि तो शाळेच्या वरच्या पायरीवर आहे. मला या विषयात एक दिलासा देणारी आणि एक निराश करणारी अशा दोन्ही गोष्टी सांगायच्या आहेत, कारण त्या एकाच व्यवस्थेच्या दोन बाजू आहेत.

पूर्वी कर्नाटकात शिक्षकाची बदली म्हणजे ओळख, वशिला आणि आमदारांचे पत्र असे समीकरण होते. २००७ साली शिक्षकांच्या बदल्यांचे नियमन करणारा कायदा झाला आणि पुढे २०२० साली त्याची जागा नव्या कायद्याने घेतली. अ, ब, क असे विभाग ठरले, समुपदेशनाची (काउन्सेलिंगची) पद्धत आली, प्राधान्यक्रमाची यादी आधी जाहीर होऊ लागली आणि शिक्षक संगणकाच्या पडद्यासमोर बसून रिकाम्या जागांतून आपली शाळा निवडू लागला. या पद्धतीतही त्रुटी आहेत, बदल्या अनेकदा लांबतात, न्यायालयीन प्रकरणे होतात. तरीही कणकुंबी किंवा जांबोटीच्या बाजूला जागा मिळालेला शिक्षक आज असे म्हणतो की माझ्या आधी यादीत अमुक इतके जण होते म्हणून मला येथे यावे लागले. जागा तीच, पावसाळा तोच, रस्ता तोच, परंतु मनातील सल पुष्कळ कमी असतो. माझ्या मते आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर या अनुभवात आहे.

निराश करणारी बाजू अशी की नियमाला फाटा देणारी वाट लगेच तयार होते, आणि तिचे नाव डेप्युटेशन. एखाद्या शिक्षकाची नेमणूक जंगलाकडच्या शाळेत असते, पगार त्या शाळेच्या नावाने निघतो, आणि तो मात्र तालुक्याच्या गावी किंवा बेळगावच्या जवळ 'तात्पुरत्या' नियोजनावर काम करतो. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे ६० मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक हवेत. त्यांपैकी एक असा निघून गेला की उरलेला एकटा पाच वर्ग, दासोह, दूध-अंडी, ऑनलाइन नोंदी आणि सीआरपींच्या (शाळासमूहाच्या साधन व्यक्तींच्या) बैठका सांभाळतो. त्याला आजारपणाची रजासुद्धा घेता येत नाही, कारण रजा म्हणजे शाळेला कुलूप. अशा शाळेतील मुलांचे पालक दोन वर्षे वाट पाहतात आणि मग मुलांना दुसरीकडे घालतात. पट घसरला की शाळाच विलीन करण्याची चर्चा सुरू होते. एका माणसावर केलेल्या मेहेरबानीची किंमत अशा रीतीने एक सबंध मराठी शाळा मोजते, आणि ती मेहेरबानी करणाऱ्याच्या ध्यानीमनीही हे नसते.

आम्ही काही शिक्षकांनी शाळा सुधारणा समितीच्या, म्हणजे एसडीएमसीच्या, सभेत हा विषय पालकांकडून मांडून घेतला. समितीने ठराव केला, त्याची प्रत बीईओंना दिली आणि पोच घेतली. शिक्षकाने तक्रार केली की ती वैयक्तिक समजली जाते, पालकांनी विचारले की आमच्या मुलांचा दुसरा शिक्षक कुठे आहे, तर कार्यालयाला उत्तर द्यावे लागते. आमच्याकडे तो शिक्षक परत आला. सगळीकडे येईलच असे नाही, पण विचारणारा कोण आहे याने फरक पडतो हे मी पाहिले आहे.


उत्तर ३
अध्यापिका, शहापूर (बी.एड. महाविद्यालय)

सरांच्या दुसऱ्या प्रश्नाविषयी मला लिहायचे आहे, कारण त्याकडे सहसा कुणी गांभीर्याने पाहत नाही. शिक्षक कडवट झाला की 'स्वभाव' म्हणून विषय संपवला जातो. या विषयाचा अभ्यास वेगळे सांगतो. ख्रिस्तिना मास्लॅक आणि सुसान जॅक्सन यांनी १९८१ मध्ये कामातून येणारी थकावट मोजण्याची जी पद्धत मांडली, तिच्यात तीन भाग आहेत: मनाची शक्ती संपणे, ज्यांच्यासाठी काम करायचे त्यांच्याविषयी कोरडेपणा येणे, आणि आपल्या हातून काही घडत नाही असे वाटणे. सरांच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांचे वाक्य मी वाचले, तेव्हा मला त्यात तिसरा भाग ठळक दिसला. ते मुलांना कंटाळलेले नाहीत. आपल्या कष्टाचा कुठे काही परिणाम होतो, यावरचा त्यांचा विश्वास उडाला आहे. अशा माणसाला उपदेश करून उपयोग नसतो. त्याच्या कामाचा परिणाम त्याच्या डोळ्यांसमोर यावा लागतो.

दुसरी गोष्ट न्यायाच्या जाणिवेची. जेराल्ड लेव्हेंथल यांनी १९८० मध्ये एखादी निर्णयपद्धती माणसांना न्याय्य केव्हा वाटते याच्या सहा कसोट्या सांगितल्या. सर्वांना आणि सर्वकाळ एकच नियम लागू असणे, निर्णय घेणाऱ्याचा स्वार्थ त्यात नसणे, निर्णय अचूक माहितीवर आधारलेला असणे, चूक दुरुस्त करण्याची सोय असणे, ज्यांच्यावर परिणाम होतो त्यांचे म्हणणे ऐकले जाणे, आणि नीतीला धरून असणे. निपाणीकर सरांनी सांगितलेले वेळापत्रक या कसोट्यांवर तपासून पाहा. ते जाहीर आहे, हरकतीला वाव आहे, आकडे खरे आहेत आणि कारण सांगितले जाते. मलप्रभाकाठ यांचा बदलीचा अनुभवही हेच सांगतो. मनाविरुद्ध निर्णय झाला तरी पद्धत न्याय्य असेल तर माणूस तो पुष्कळ अंशी स्वीकारतो, हे या क्षेत्रातील अनेक अभ्यासांत पुन्हा पुन्हा आढळले आहे.

शिकागो शहरातील प्राथमिक शाळांचा अँथनी ब्रिक आणि बार्बरा श्नायडर यांनी दीर्घकाळ अभ्यास केला आणि २००२ साली त्याचे निष्कर्ष मांडले. ज्या शाळांत मुख्याध्यापक, शिक्षक आणि पालक यांचा एकमेकांवर विश्वास होता, त्या शाळांत मुलांचे वाचन आणि गणित सुधारण्याची शक्यता बरीच अधिक होती. परिस्थिती आपल्याहून अगदी भिन्न आहे, हे मान्य. तरीही पट टिकवण्यासाठी शिक्षकांनी उन्हातान्हात घरोघरी जावे, अशी अपेक्षा जेथे आहे, तेथे हा विश्वास अधिकच मोलाचा ठरतो. पटनोंदणीसाठी गावात फिरण्याची सक्ती कागदावर करता येईल, परंतु पालकाच्या ओसरीवर बसून 'तुमच्या मुलीची जबाबदारी माझी' हे वाक्य मनापासून म्हणण्याची सक्ती कोणताही मुख्याध्यापक करू शकत नाही. पक्षपाताने नेमके तेच नष्ट होते.

सर, मुलांविषयीची आस्था टिकवण्यासाठी माझी एक सूचना आहे. आपल्या ब तुकडीतील प्रत्येक मुलाच्या पहिल्या चाचणीच्या चुका एका वहीत टिपून ठेवा: अपूर्णांकात कुठे अडतो, समीकरणात चिन्ह कुठे चुकते. दर दोन महिन्यांनी तीच वही उघडा. संचालकांच्या तक्त्यात जे येत नाही ते आपल्या समोर लिहिलेले असेल. शक्य असल्यास त्या ज्येष्ठ शिक्षकांनाही यात सामील करून घ्या आणि त्यांच्या विषयाची अशीच वही त्यांच्याबरोबर बसून तयार करा.


उत्तर ४
अतिथी शिक्षिका, चिकोडी शैक्षणिक जिल्हा

वरील सर्व उत्तरे मी आदराने वाचली. त्यांत एक बाजू राहून गेली आहे. कायम शिक्षकाला निदान ज्येष्ठता यादीत जागा असते, हरकत घेण्याचा हक्क असतो. आम्हा अतिथी शिक्षकांची नेमणूक त्या-त्या शैक्षणिक वर्षापुरती असते आणि पुढच्या जूनमध्ये पुन्हा घ्यायचे की नाही हे व्यवहारात मुख्याध्यापकांच्या शब्दावर ठरते. त्यामुळे फिरता क्रम कितीही नीट लावला तरी नको असलेले काम शेवटी आमच्याकडे सरकते, आणि आम्ही नाही म्हणू शकत नाही. अ तुकडीवरून वाद घालणाऱ्या दोन्ही गटांतील शिक्षकांनी आपले बदली तास माझ्या नावावर लिहिलेले मी पाहिले आहेत. वही स्टाफरूममध्ये ठेवाल तेव्हा कृपया आमचीही नावे तिच्यात असू द्या.

आणि एक विनंती. नव्या शिक्षकासमोर बोलताना ज्येष्ठांनी जपून बोलावे. पहिल्या महिन्यात मला स्टाफरूममध्ये जे ऐकायला मिळाले ते जर मी खरे मानले असते, तर मी शिकवण्याची तयारी करणे तेव्हाच सोडून दिले असते.


उत्तर ५
सेवाकायदा अभ्यासक, बेळगाव

कायद्याने काय साधते आणि काय साधत नाही, हे स्पष्ट असलेले बरे, कारण अनेक शिक्षक एक तर विनाकारण घाबरतात किंवा भलत्या अपेक्षेने कोर्टकचेरीकडे वळतात.

खासगी अनुदानित शाळेतील शिक्षकाला १९८३ चा कर्नाटक शिक्षण कायदा लागू आहे, जो १९९५ पासून अमलात आला. त्यातील कलम ९२ प्रमाणे रीतसर चौकशी केल्याशिवाय शिक्षकाला बडतर्फ करता येत नाही, काढून टाकता येत नाही किंवा त्याचा दर्जा कमी करता येत नाही. तसे झाल्यास कलम ९४ खाली शैक्षणिक अपील न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. म्हणजे वेळापत्रकाविषयी सभ्य शब्दांत लेखी विनंती केली म्हणून कुणाची नोकरी जाऊ शकत नाही. मात्र वेळापत्रक, तुकडीवाटप किंवा सत्कार यांसारख्या बाबी न्यायाधिकरणासमोर नेता येत नाहीत. तो शाळेचा अंतर्गत कारभार आहे आणि तो सभेच्या इतिवृत्तातूनच सुधारावा लागतो.

कालबद्ध बढतीची गोष्ट वेगळी आहे. तो आर्थिक हक्काचा विषय आहे. प्रस्ताव रखडला असेल तर मुख्याध्यापकांना लेखी अर्ज करून कोणता कागद कमी आहे ते विचारावे, आवक क्रमांक आणि तारीख घालून पोच घ्यावी, आणि ठरावीक काळ थांबून त्या पोचेची प्रत जोडून संस्थेच्या सचिवांना आणि बीईओंना स्मरणपत्र द्यावे. तोंडी विचारणेच्या बाबतीत 'मला कुणी विचारलेच नव्हते' असे नंतर म्हणता येते, लेखी अर्जाच्या बाबतीत ते म्हणता येत नाही.

माहिती अधिकाराचा वापर विचारपूर्वक करावा. शासनाकडून भरीव अनुदान घेणाऱ्या शिक्षणसंस्थाही २००५ च्या कायद्याखाली येतात, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये डीएव्ही कॉलेज ट्रस्टच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे. अर्जाची फी १० रुपये आणि उत्तराची मुदत ३० दिवस आहे. कर्नाटकाच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय असावा लागतो आणि तो साधारणपणे १५० शब्दांत बसवावा लागतो. दुसऱ्या शिक्षकाचे गोपनीय अहवाल किंवा सेवापुस्तिका मागू नका. ती वैयक्तिक माहिती आहे असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१२ चा निर्णय असल्याने नकारच येईल आणि सहकाऱ्याशी कायमचे बिनसेल ते वेगळेच. प्रशिक्षणासाठी पाठवलेल्या नावांची यादी, ती ठरवणाऱ्या सभेचे इतिवृत्त, कामवाटपाचा आदेश, एवढेच मागावे. सरकारी शाळेतील शिक्षकांनी हेही लक्षात ठेवावे की वार्षिक अहवालातील प्रत्येक शेरा संबंधित कर्मचाऱ्याला कळवला पाहिजे, असे २००८ च्या देव दत्त प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे.

निवडणूक आणि जनगणनेच्या कामाविषयी एक खुलासा करतो. शिक्षण हक्क कायद्याचे कलम २७ शिक्षकांना अशैक्षणिक कामाला जुंपण्यास मनाई करते, परंतु दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका ही तीन कामे त्यातून वगळलेली आहेत. त्यामुळे हे काम नाकारता येणार नाही. ते आळीपाळीने द्यावे, एवढी मागणी करता येते आणि ती वाजवी आहे.


मार्कंडेयकाठ (मूळ प्रश्नकर्ता)

आपण सर्वांनी वेळ काढून लिहिलेत त्याबद्दल मनापासून आभार. निपाणीकर सरांचे कन्नडविषयीचे निरीक्षण आमच्या शाळेला तंतोतंत लागू पडते. त्या तीन-चार जणांपैकी जे संचालकांचे पाहुणे नाहीत, ते कार्यालयातील कामामुळेच जवळ गेले आहेत, हे मला आता नीट दिसते. अतिथी शिक्षिका ताईंचे म्हणणेही मी आमच्या सभेत मांडणार आहे.

तुकड्या मिसळून लावण्याची सूचना मी आणि आणखी काही सहकारी मुख्याध्यापकांना लेखी देण्याचा विचार करत आहोत. अडचण अशी आहे की काही पालकांनाच अ तुकडी हवी आहे, आणि संचालक त्याच पालकांचे नाव पुढे करतील. निपाणीकर सर, आपल्याकडे हा विरोध झाला होता का? आणि पत्राची भाषा कशी असावी?


निपाणीकर

सर, विरोध झाला होता. हुशार मुलांचे नुकसान होईल अशी पालकांची भीती असते आणि ती थट्टेवारी नेऊ नये. आम्ही पालकसभेत दोन्ही तुकड्यांतील पहिल्या पाच मुलांसाठी आठवड्यातून दोन जादा तास जाहीर केले, आणि कच्च्या मुलांसाठीही तेवढेच तास ठेवले. पहिल्या सहामाहीचे गुण पालकांना दाखवल्यावर बोलणे कमी झाले.

पत्रात गेल्या वर्षांचा इतिहास, कुणाचे नाव किंवा 'पक्षपात' हा शब्द येऊ देऊ नका. आगामी शैक्षणिक वर्षासाठी सूचना असे शीर्षक द्या, मुलांच्या हिताचे कारण पहिल्या परिच्छेदात लिहा, आणि मागण्या दोनच ठेवा: तुकड्या मिश्र असाव्यात आणि निकालाच्या तक्त्यात नववीचे गुण असावेत. बदली तासांच्या वहीची आणि कामांच्या क्रमाची मागणी पत्रात घालू नका, ती सभेत तोंडी मांडून इतिवृत्तात नोंदवून घ्या. सह्या ज्येष्ठतेच्या क्रमाने असाव्यात, आणि त्यांत अ तुकडी शिकवणाऱ्यांपैकी निदान एकाची सही मिळवण्याचा प्रयत्न जरूर करा. त्यांच्यातही अस्वस्थ असणारा एखादा असतो. पत्र मार्च संपण्यापूर्वी द्या, कारण सुट्टी लागली की मे अखेरीस थेट तयार वेळापत्रकच हाती येते. शिक्षक उशीर करतात तो याच ठिकाणी.

आणि त्या ज्येष्ठ सरांना पत्राचा मसुदा लिहायला सांगा. त्यांना नियम, जुने निकाल आणि शाळेचा इतिहास आपल्यापेक्षा अधिक माहीत असणार.